जबरदस्तीचं राहत नाही

“गाय माजावर नाहीये,” खांद्यापर्यंतचा हातमोजा उतरवत मी म्हटलं. “एवढ्या उन्हात कशाला आणलीस हिला?”

मालननं गाय तपासणीच्या लाकडी खोड्यातून सोडली, दवाखान्यासमोरच्या लिंबाला बांधली आणि परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. माझा शिपाई जेवायला घरी गेला होता. ती वेळ बघूनच आली असणार, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

“बाई, गाईला खाली करायचं इंजेक्शन असतंय न्हवं तुमच्याकडं?”

“असतं. पण ही गाभणच नाही. आत्ताच हात घालून बघितलं.”

“गाईला न्हाई,” मालन म्हणाली.

मी हात धुत होते. नळ तसाच चालू राहिला.

“मालन, ते जनावराचं औषध आहे. तू मरशील.”

“मरंन न्हाई तर सुटंन,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही की रडली नाही.

या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं झाली. मी पशुवैद्यकीय दवाखान्यात नवीन लागले होते. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचा दुष्काळी पट्टा, गाव लहान. पिकाचा भरवसा नव्हता, त्यामुळे घरोघरी जर्सी गाई आणि सगळं गाव दुधावर. गावात माणसांचा डॉक्टर नव्हता, जनावरांची मी होते. बाई डॉक्टर म्हणून सुरुवातीला माणसं गंमत बघायला यायची. गाय भरवताना, म्हणजे तिला नळीनं बीज देताना, मुद्दाम खोड्याभोवती घोळका करायची, एकमेकांना कोपरं मारायची. नंतर सवय झाली त्यांनाही आणि मलाही. बायका मात्र लेकराच्या अंगावरचं गळू, स्वतःची पाठदुखी, सगळं माझ्याकडेच आणायच्या. मी त्यांना तालुक्याला पाठवायची. मालनला पाठवून भागणार नव्हतं. तिला मी आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

मालन असेल तेवीस-चोवीस वर्षांची. नवरा जगन्नाथ सैन्यात, वरच्या थंड मुलुखात कुठंतरी. दिवाळीनंतर तो गावी आलेला नव्हता आणि आता उन्हाळा सरत आला होता. घरात ती आणि सासू, दोघीच.

“कोण?” मी विचारलं.

“उदय. डेरीच्या चेअरमनचा पुतण्या. पेंड आणाया गोदामात गेलती.” तिनं मी लावलेल्या दाराकडे बघितलं. “त्यानं आतनं कडी घातली.”

पशुखाद्याचं ते गोदाम मला माहीत होतं. डेअरीच्या मागच्या बाजूला, पत्र्याचं. तिथून कुणी ओरडलं तरी रस्त्यावर ऐकू आलं नसतं.

“घरी कुणाला सांगितलं नाहीस?”

“आत्तीला सांगितलं, सासूबाईस्नी. त्याच दिशी. आत्ती म्हनली, कुठं बोलू नगंस. जबरदस्तीचं राहत न्हाई. बाईचं मन नसलं की आतनं कवाड लागतंय, तवा भ्यायचं काय कारण न्हाई. म्हनून आमी गप बसलो. पयल्या म्हयन्याला वाटलं, धसक्यानं चुकलं. दुसऱ्याला बी तसंच. आता कळाया लागलंय.”

तिनं पदर पोटावर ओढला.

“पर बाई, मला एक सांगा. माज्या मनात न्हवतं. लेकराची आन घेतली असती, पर लेकरूच न्हाई मला. न्हवतं मनात. मग राहिलं कसं? का मला कळलं न्हाई, आन आतनं व्हतं माज्या मनात?”

पाच वर्षं मी हाच विषय शिकले होते. बीज कधी सुटतं, गर्भ कधी धरतो, सगळं तोंडपाठ होतं. पण हा प्रश्न कुठल्याच परीक्षेत आला नव्हता. महिने झाले, ही बाई स्वतःच्याच अंगात गुन्हेगार शोधत होती.

“अजिबात नव्हतं,” मी म्हटलं. “तुझ्या पोटात महिन्यातून एकदा बीज तयार होतं. ते त्याच्या वेळेला होतं. ते तुझ्या मनाला विचारत नाही. तू झोपलेली असलीस, बेशुद्ध असलीस, मारामारी करत असलीस, तरी ते तिथं असतं. त्यात तुझं काही नाही.”

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुमी जनावरांच्या डॉक्टर, बाई. हेच मानसाच्या डॉक्टरनं सांगितलं, तर आत्तीला पटंल.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला स्वतःलाच कुणा माणसाच्या डॉक्टरकडून ते ऐकायचं होतं, एवढंच.

तालुक्याच्या गावी डॉ. कुलथे यांचा स्वतःचा दवाखाना होता. वयानं मोठे, नावाजलेले, हसतमुख. मला त्यांनी खुर्ची दिली. मालन उभी राहिली. तपासून झाल्यावर हात पुसत ते माझ्याशी बोलू लागले. मालन तिथंच होती, पण ते बोलत होते जणू ती बाहेर बसलीय.

“मॅडम, तुम्ही आमच्याच धंद्यातल्या, म्हणून मोकळं बोलतो. गर्भ आहे. तीन महिने होऊन गेलेत. पण मी बलात्कारातून राहिला असं कागदावर लिहिणार नाही.”

“का?”

“कारण तसं होत नसतं. खऱ्या जबरदस्तीत बाईचं शरीर आकसतं. सगळं आवळून येतं. मग धारणा कशी होणार? धारणा झालीय याचा अर्थ कुठंतरी, अगदी कळत-नकळत म्हणा, शरीरानं होकार दिलेला आहे.”

“हे कुठं लिहिलंय, डॉक्टर?”

“आमचे सर शिकवायचे. मोठा माणूस. त्यांना त्यांच्या सरांनी शिकवलेलं. गोऱ्या साहेबाच्या काळातल्या पुस्तकात होतं ते.”

“आताच्या पुस्तकात आहे?”

“नसेल,” ते हसले. “पुढं वगळलं असेल. वगळलं म्हणून काही खोटं होत नाही. नवऱ्याची सही आणा, मी मोकळं करून देतो. बाकीच्या भानगडीत मला घेऊ नका.”

सहीची कायद्यानं गरज नाही, हे मला ठाऊक होतं. मी तसं म्हटलं. त्यांनी ऐकलंच नाही. उठता उठता मालनच्या पाठीवर थोपटून ते म्हणाले, “मनाला लावून घेऊ नकोस, मुली. नवरा लांब असतो. होतं असं.”

शेणामुताची, व्याल्यावर जार अडकलेल्या गाईच्या कुजक्या वासाची मला कधी किळस आली नव्हती. त्या दिवशी त्या स्वच्छ खोलीत, त्या धुतलेल्या हाताकडे बघून ती आली.

एसटी स्टँडवर बाकावर बसलो. बराच वेळ मालन गाड्यांकडे बघत राहिली.

“पुस्तकात बी हाय तर,” ती म्हणाली.

“ते पुस्तक खोटं आहे.”

“लिहिणारा शिकलेलाच असंल की, बाई.”

माझ्या मैत्रिणीची थोरली बहीण मोठ्या शहरात बायकांची डॉक्टर होती. तिच्याकडे जाऊ, असं मी म्हटलं. मालननं मान हलवली.

“जाऊ. पर आदी माज्या मालकांस्नी तार करा. त्यांनी समोर येऊन काय ते म्हनावं. त्यांना लपवून मला काय करायचं न्हाई. आन मग पोलिसात बी जायाचं. आता गप बसून काय उपेग? गप बसले म्हनून तर राहिलं.”

जगन्नाथ आठवडाभरात आला. काळासावळा, उंच, कमी बोलणारा माणूस. पहिल्या रात्री त्यांच्या घरात काय बोलणं झालं ते मला कधीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-बायको दोघं ठाण्यात गेली आणि तक्रार देऊन आली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. त्यानंतरच्या दुपारी डेअरीत बैठक ठेवल्याचा निरोप मला आला. चेअरमननी डॉक्टरबाईंना अगत्यानं बोलावलंय, असा.

डेअरीचा हॉल म्हणजे दूध घ्यायची जागा. फरशी पाण्यानं धुतलेली, तरी आंबूस वास. भिंतीला टेकून गावातली कर्ती माणसं बसलेली. चेअरमन रंगराव खुर्चीत. उदय त्यांच्या मागं, पांढऱ्या शर्टात, नखं बघत. एका बाजूला जगन्नाथ. त्याच्या मागं मालन आणि तिची सासू अनुसाबाई, दोघी उभ्या. बायका एवढ्याच. आणि मी.

रंगराव वाईट बोलत नसत. आवाज कायम खाली, शब्द गोड.

“डॉक्टरबाई, तुम्ही शिकलेल्या. गावाच्या गाई तुम्ही भरवता. तुमच्या शब्दाला किंमत आहे. पोरगी आमच्याच गावची सून, पोरगाबी आमचाच. कुणाचं वाटोळं व्हायला नको. म्हणून तुम्हाला एकच विचारतो. गाय माजावर नसली, तिच्या मनात नसलं, तर वळूला जवळ उभं राहू देते का?”

“नाही देत.”

“आन राहिलीच उभी, तर गाभण जाते का?”

माणसं माझ्याकडे बघत होती. काहींच्या तोंडावर खोड्याभोवतीच्या घोळक्यातलं जुनं हसू आलं होतं.

“मालन गाय नाही,” मी म्हटलं.

“ते आम्हाला दिसतंय,” रंगराव म्हणाले. “निसर्ग सगळ्यांना एकच. तुम्ही उत्तर द्या.”

मी तिथून उठून जायला हवं होतं की काय, कोण जाणे. पण मालन माझ्याकडे बघत होती. तिला ते चारचौघांत ऐकायचं होतं. मी उत्तर दिलं.

“माज म्हणजे होकार नाही, चेअरमन. माज म्हणजे बीज तयार असल्याची खूण. गाय ती खूण बाहेर दाखवते, बाई दाखवत नाही. एवढाच फरक. आणि म्हशीचा मुका माज इथल्या सगळ्यांना माहीत आहे. ती हंबरत नाही, उभी राहत नाही. तुमचीच म्हैस घ्या. गेल्या थंडीत भरवताना तिला चौघांनी धरलं होतं. वेसण ओढून नाक फुटलं तिचं. खोड्याचा दांडा मोडला तिनं लाथा मारून. ती राजी होती का?”

रंगराव खुर्चीत सावरून बसले.

“ती गाभण आहे. मीच तपासलीय. तुमच्या गोठ्यातली निम्मी वासरं मी नळीनं केलेली आहेत. वळू नाही, मन नाही, काही नाही. गर्भाला मन लागत नाही. बीज लागतं, तेवढंच.”

दोघातिघांनी माना हलवल्या. कुणीतरी, “खरं हाय की,” असंही म्हटलं. मला वाटलं, पटलं.

मग रंगराव हळूच हसले.

“म्हणजे बाईंचं म्हणणं असं,” ते माणसांकडे वळून म्हणाले, “की मालन मुक्या माजावर होती.”

आधी एकजण हसला, मग सगळे. मान हलवणारेही हसले. एक म्हातारा हसता हसता खोकायला लागला, शेजारच्यानं त्याची पाठ चोळली आणि तोही हसत राहिला. उदयनं पहिल्यांदा नखांवरून नजर वर काढली. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद होता.

एका बाईला वाचवायला मी तिला म्हशीच्या रांगेत नेऊन उभं केलं होतं आणि त्यांना तेवढंच हवं होतं. खरं काय ते त्यांना कळलं नव्हतं असं नाही. मुका माज त्यांना माझ्या आधीपासून माहीत होता. आयुष्यभर जनावरं धरून धरून भरवलेली माणसं ती. पण जे गोठ्यात रोज बघत होते ते डेअरीत बघायची त्यांना गरज नव्हती.

जगन्नाथ उठला. मला वाटलं, आता हा कुणाचा तरी गळा धरणार. रंगरावांनाही वाटलं असावं, त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले. पण तो जागेवरच उभा राहिला, हसणं संपेपर्यंत. ते एकदम संपलं नाही, विरत विरत संपलं.

“तक्रार मागं घेणार न्हाई,” तो म्हणाला. “हसून झालं असंल तर वाट द्या.”

त्यांनी पाय आवरून वाट दिली.

बाहेर रस्त्यावर मालन आणि अनुसाबाई पुढं चालत होत्या. जगन्नाथ माझ्याबरोबर मागं राहिला.

“राहतं ना, बाई?” त्यानं विचारलं. “तसं बी?”

“राहतं.”

“तिच्यावर माझा अविश्वास न्हाई. तिनं सांगितलं त्याच वक्ताला मी मानलं. पर डोक्यात बसलेलं असतंय.” त्यानं पुढं चालणाऱ्या आईकडे बघितलं. “लहानपणापास्नं ऐकलेलं. आईच म्हणायची. कुठल्या बाईचं काय कानावर आलं, की आईचं पयलं हेच. जबरदस्तीचं राहत न्हाई. कुणी विचारलेलं नसायचं तरी बी.”

ती केस पुढं उभी राहिली. उदय महिनाभर आत होता, मग जामिनावर आला. काही वर्षांनी मला साक्षीला बोलावलं. त्याच्या वकिलानं कुलथे डॉक्टरांचंच म्हणणं मांडायला सुरुवात केली तेव्हा न्यायाधीशांनी त्याला गप्प केलं. मला फार बरं वाटलं होतं. पण उदय सुटलाच. तक्रार इतके महिने उशिरा का दिली, याचं समाधानकारक उत्तर मिळालं नाही, असं निकालात होतं. मालननं कोर्टात उत्तर दिलं होतं. सासू म्हणाली राहणार नाही, म्हणून गप्प बसलो, असं तिनं सांगितलं होतं. तिथंही कुणीतरी हसलं होतं. पुढं जगन्नाथनं तिला आपल्या क्वार्टरवर नेलं. त्यांना दोन मुली झाल्या. ती गावाला फार कमी यायची.

पण मला राहून राहून आठवते ती शहरातल्या दवाखान्यातली सकाळ.

बैठकीनंतर लगेचच आम्ही चौघं तिकडे गेलो होतो. माझ्या मैत्रिणीच्या बहिणीनं मालनला आपल्या शेजारी बसवलं, कुणाचं राहिलं, कसं राहिलं हे एकदाच विचारलं, आणि काय करणार ते सगळं तिला नीट समजावलं. मालननं विचारलं, “मन नसताना राहतं का वो?” ती म्हणाली, “राहतं. मी शेकड्यानं बघितलंय.” मालननं डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग तिला आत नेलं. जगन्नाथ औषधं आणायला गेला. बाहेरच्या बाकावर अनुसाबाई आणि मी.

अनुसाबाई साठीच्या आसपास. हाडं वर आलेली, कपाळाचं कुंकू पुसून बरीच वर्षं झालेली. डेअरीतल्या त्या दुपारपासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मला वाटत होतं, तिला माझा राग आलाय. माझ्या मनात तिच्याबद्दल होताच. तिच्या एका वाक्यापायी सगळं इथवर आलं होतं.

“बाई,” ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, “डेरीत तुमी बोलला ते खरं?”

“खरं, काकू.”

“आन आतल्या डाक्टरीन बाई बी तसंच म्हनल्या.”

“हो.”

“बाई लय भ्याली असंल तर बी? वरडली, चावली, तरी बी?”

“तरीही.”

तिनं हात मांडीवर उलटे-सुलटे केले. मी आता रागानंच विचारलं, “काकू, तुम्हाला हे सांगितलं तरी कुणी?”

“सासूनं,” ती म्हणाली. “मला गरज पडली तवा.”

मी तिच्याकडे वळले. ती भिंतीकडेच बघत होती.

“घरातलाच व्हता. मेला आता. नाव घिऊन काय करायचं?” तिचा आवाज अगदी सपाट होता, बाजारहाटाचं बोलावं तसा. “जगन्नाथचा बा बी तवा घरीच व्हता. त्याच म्हयन्यात दिस गेले. मी विहिरीवर गेलती. सासूनं धरून आनलं. म्हनली, खुळे, जबरदस्तीचं राहत न्हाई. मंजी हे तुज्या दादल्याचंच. मी ते धरून ठिवलं, बाई. रोज म्हनलं. दुसऱ्या बायांस्नी बी सांगितलं. आपन सांगितलं की खरं वाटतंय.”

आतून भांड्यांचा आवाज आला आणि थांबला. माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. त्याच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं, जे अजून गेलेलं नाही.

“बाई,” ती म्हणाली, “दोन्ही एकाच म्हयन्यात झालं असंल, तर कुनाचं राहिलं ते कळतं का?”

गावात, डेअरीत, तालुक्याला मी खरं तेच बोलत आले होते. इथं मी जिन्याकडे नजर वळवली. ती वाट बघत होती. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात जिन्यावरून जगन्नाथ वर आला. एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात चहाचे तीन ग्लास बोटांत धरलेले. त्यानं पहिला ग्लास आईला दिला.

अनुसाबाईनं ग्लास घेतला, पण प्याली नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. कपाळ, नाक, कानाच्या पाळ्या, हनुवटी. एकेक करून, सावकाश.

“काय गं आई?” जगन्नाथ म्हणाला. “काय बघतीस?”

“काय न्हाई,” ती म्हणाली. “वाळलास.”